पाणी कुठवर आलं होतं?

कोल्हापुरात घर बघायला गेलात की दोन प्रश्न विचारावेच लागतात. दर काय? आणि पुरात पाणी कुठवर येतं? पहिल्याचं उत्तर लगेच मिळतं. दुसऱ्याला बऱ्याचदा "तेवढं काही नाही" एवढंच.

राजारामपुरी उंचावर. शाहूपुरीतली कुंभार गल्ली सखल भागात. मध्ये रिक्षाचं थोडंसं अंतर. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा कुंभार गल्लीत पाणी शिरलं. तेही गणपतीच्या तोंडावर, घरं मूर्तींनी भरलेली असताना. एकाच शहरात घरांचे दोन बाजार तयार व्हायला एवढं पुरतं.

आता समजा, सखल गल्लीतल्या मालकाने भिंतीवरची ओल रंगवून घेतली आणि घर विकायला काढलं. गिऱ्हाईक बाहेरगावचं. त्याने विचारलंच नाही, तर मालकाने आपणहून सांगायचं का?

प्रश्न जुना आहे. इसवी सनपूर्व 44 मध्ये रोमच्या सिसेरोने नेमका हाच वाद मांडला: घरात दोष आहे हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक आहे. डायोजेनिस म्हणतो, घ्या म्हणून सक्ती केली नाही, मग फसवलं कसं? अँटिपेटर म्हणतो, माहीत असून गप्प बसणं हीच फसवणूक. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे.

आपला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदाही तेच म्हणतो, पण एक पळवाट ठेवून. गिऱ्हाइकाला साध्या चौकशीत कळू शकणार नाही असाच दोष सांगणं बंधनकारक आहे. आणि पूर काही लपलेला नसतो. कोपऱ्यावरचा चहावालाही हात करून दाखवेल, पाणी इथवर होतं म्हणून.

पण कोणाला विचारायचं, हे कोणाला माहीत असतं? ज्याचा मामा पेठेत राहतो, मित्र तालमीत आहे, त्याला. मोबाईलवर फोटो बघून घर ठरवणाऱ्याला नाही. म्हणजे मालकाचं मौन ज्याचं शहरात कोणी नाही, त्यालाच महागात पडतं. म्हणून माझ्या मते सांगायलाच हवं.

तरी मालकाची बाजू उरतेच. ते घर हीच त्याची सगळी पुंजी. पूररेषेत भराव दुसऱ्यांनी टाकले, परवानग्या दुसऱ्यांनी दिल्या. खरं बोलून किंमत मात्र त्याची पडणार. उंचावरच्या मालकाचा भाव त्याच पुरामुळे बसल्या जागी वाढणार. खरेपणाचा सगळा खर्च एकट्या सखल गल्लीने का सोसायचा?

निदान सांगण्याचं ओझं तरी एकट्यावर नको. प्रत्येक सखल गल्लीत, विजेच्या खांबावर, 2019 आणि 2021 च्या पाण्याची खूण महापालिकेने रंगवावी. मग गप्प बसून कोणाला फायदा होणार नाही. घराचे भाव पडतील, हे खरं. पण ते पडले की भरावांचा हिशोब मागायला गल्लीकडे आकडा असेल.