तेराचा आकडा

थोरल्या काकांचं डायलिसिस सुरू झालं आणि आमच्या घरात फोनवरचा पहिला प्रश्नच बदलला. 'कसे आहेत?' ऐवजी सगळे 'हिमोग्लोबिन किती आलं?' असं विचारू लागले. साडेआठ ऐकलं की पलीकडे शांतता पसरायची, साडेदहा ऐकलं की सुटकेचा श्वास. रिपोर्टवर शेजारच्या रकान्यात निरोगी पुरुषाची मर्यादा छापलेली असे, ती 13 पासून सुरू होई. आम्हाला तिथे पोचायचं होतं. डॉक्टर मात्र साडेअकराच्या वर न्यायला तयार नव्हते. रक्त वाढवणारं इंजेक्शन महाग म्हणून ते हात आखडता घेताहेत, अशी काकूंची पक्की समजूत झाली होती. त्या नकाराचं कारण मी शोधत गेलो, तेव्हा कळलं की ते साडेअकरा हजारो रुग्णांच्या अंगावर तपासून ठरलेलं आहे.

मूत्रपिंडाचा जुना आजार असलेला माणूस पांढुरका पडतो, हे वैद्यकाला फार पूर्वीपासून दिसत होतं. लंडनच्या गाय्‌ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइटने 1827 मध्ये या आजाराचं वर्णन केलं, आणि पुढे या रुग्णांचा फिकेपणाही नोंदवला. पण लघवी तयार करणाऱ्या अवयवाचा रक्ताच्या रंगाशी काय संबंध, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. 1906 मध्ये पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि क्लोटिल्ड देफ्लान्द्र यांनी रक्त काढलेल्या सशांचा रक्तद्रव दुसऱ्या सशांना टोचला, आणि त्यांच्या तांबड्या पेशी वाढल्याचं सांगितलं. म्हणजे रक्त घडवण्याचा हुकूम देणारं काहीतरी रक्तातच वाहत होतं. तो हुकूम मूत्रपिंडातून सुटतो, हे शिकागोच्या लिऑन जेकबसन आणि यूजीन गोल्डवॉसर यांच्या गटाने दाखवेपर्यंत 1957 उजाडलं.

तोवर डायलिसिसचं युग दाराशी आलं होतं. 1960 मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायम राहणारी नळी बसवली आणि वर्षानुवर्षं डायलिसिस करणं शक्य झालं. पण यंत्र रक्त धुऊन देतं, घडवून देत नाही. मग रक्ताच्या पिशव्या चढवायच्या. त्यातून यकृतात लोह साचायचं, कावीळ यायची, आणि शरीरात अशी प्रतिद्रव्यं तयार व्हायची की पुढे प्रत्यारोपणासाठी जुळणारं मूत्रपिंड मिळणं अवघड होऊन बसायचं.

गोल्डवॉसर त्या हुकमी द्रव्याच्या, एरिथ्रोपॉइटिनच्या, मागे वीस वर्षांहून अधिक काळ लागले होते. अखेर मदत जपानमधून आली. रक्त न बनण्याचा दुर्धर आजार असलेल्या रुग्णांच्या लघवीत हे द्रव्य भरपूर उतरतं. ताकाजी मियाके यांनी अशी 2,550 लिटर लघवी गोळा करून आटवली आणि तो ऐवज रेशमी कापडात गुंडाळून शिकागोला नेला. 1977 मध्ये त्यातून काही मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य हाती आलं. ते रुग्ण स्वतः बरे होणार नव्हते, तरी त्यांनी दिलं. या कहाणीत मला सर्वांत जवळची वाटतात ती हीच माणसं.

त्यावरून जनुक सापडलं, प्रयोगशाळेत औषध तयार झालं, आणि 1987 च्या जानेवारीत सिएटलच्या जोसेफ एशबाख आणि सहकाऱ्यांनी 25 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुरेशी मात्रा मिळालेल्यांपैकी जे बारा जण रक्ताच्या पिशव्यांवर जगत होते, त्यांची ती गरज संपली. जिना चढताना धाप लागणारी माणसं पुन्हा चालू-फिरू लागली. वैद्यकात इतका निर्भेळ विजय क्वचित मिळतो. रक्तदाब वाढतो, डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीत, म्हणजे फिश्चुलात, रक्त गोठतं, अशा नोंदी सुरुवातीपासून होत्या. त्या आनंदात मागे पडल्या.

इथूनच ती कल्पना रुजली. सहावरून दहावर नेल्याने एवढा फरक पडतो, तर दहावरून तेरा-चौदावर नेल्यास आणखी पडेल. तिला आधारही होता. ज्या रुग्णांचं हिमोग्लोबिन जास्त, ते जास्त जगतात, असं मोठमोठ्या नोंदींत दिसत होतं. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त राबावं लागतं आणि त्याची भिंत जाड होते, हेही खरंच होतं. शिवाय अमेरिकेत 2011 पर्यंत डायलिसिस केंद्रांना या इंजेक्शनचे पैसे वेगळे मिळत. कल्पना सोयीची असली की तिच्याकडे संशयाने बघण्याचं धैर्य कमी होतं, हे इथे स्पष्ट बोलायला हवं.

तरी काहींनी ते धैर्य केलं. डायलिसिसवरच्या आणि हृदयविकार असलेल्या 1,233 रुग्णांचे दोन गट पाडले. एका गटात रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण निरोगी माणसाइतकं, 42 टक्क्यांवर न्यायचं; दुसऱ्यात 30 वर ठेवायचं. चाचणी मध्येच थांबवावी लागली. 1998 मध्ये निकाल छापून आला: 'निरोगी' आकड्याच्या गटात 183 मृत्यू, दुसऱ्यात 150. फायदा सिद्ध होण्याची आशा उरली नव्हती. इतकं होऊनही कल्पना मेली नाही. हे रुग्ण आधीच फार खंगलेले होते, डायलिसिसच्या आधी सुरुवात केली तर गुण येईल, असा युक्तिवाद झाला. खरं सांगायचं तर तो तेव्हा मलाही पटला असता.

2006 मध्ये डायलिसिसपूर्व रुग्णांच्या दोन चाचण्या आल्या. एकीत 1,432 रुग्ण होते. साडेतेराचं लक्ष्य दिलेल्यांमध्ये मृत्यू, हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदय निकामी होऊन रुग्णालयात जाणं मिळून 125 घटना घडल्या, 11.3 च्या गटात 97. दुसरीतही हृदयाला काही लाभ दिसला नाही. मग 2009 मध्ये मधुमेह आणि मूत्रपिंडविकार दोन्ही असलेल्या 4,038 जणांची चाचणी. निम्म्यांना खरं औषध देऊन 13 पर्यंत न्यायचं. उरलेल्यांना नुसतं पाणी, आणि हिमोग्लोबिन नऊच्या खाली गेलं तरच औषध. औषधाच्या गटात 101 जणांना पक्षाघात झाला, दुसऱ्यात 53 जणांना. रक्त चढवण्याची गरज कमी झाली, थकवाही थोडा हटला, पण त्याची किंमत ही होती.

कमी हिमोग्लोबिन हे दुखण्याचं कारण तर आहेच, पण ते दुखण्याचं लक्षणही आहे. अंगात सूज मुरली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं द्रव्य वाढतं, आणि ते लोहाच्या कोठाराला कुलूप लावतं. हुकूम कितीही मोठ्याने दिला तरी कच्चा माल बाहेर येत नाही, म्हणून मात्रा वाढवत न्यावी लागते. चाचण्यांचे आकडे पुन्हा तपासले तेव्हा ज्यांना फार मोठी मात्रा द्यावी लागली, त्यांचीच गत अधिक वाईट झालेली दिसली. नोंदींतले तेरावाले जास्त जगत होते ते मुळात कमी आजारी होते म्हणून. इतकी साधी गोष्ट, पण ती कळायला वीस वर्षं लागली.

2012 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी लक्ष्य खाली आणलं: या औषधाने साधारणपणे साडेअकराच्या वर नेऊ नये, तेराच्या वर तर मुद्दाम नेऊच नये. लक्ष लोहाकडे वळलं. ब्रिटनमधल्या 2,141 डायलिसिस रुग्णांच्या चाचणीचे निकाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. शिरेतून नियमित, भरपूर लोह दिलेल्यांना इंजेक्शन कमी लागलं, आणि मृत्यू व हृदयाच्या घटनाही कमी झाल्या. आता गोळ्या आल्या आहेत, शरीराला आतूनच हुकूम द्यायला लावणाऱ्या. त्यांतली एक आपल्याच देशात तयार होते आणि 2022 पासून मिळते. त्यांचीही अशीच कठोर परीक्षा व्हायला हवी.

तुमच्या घरी कुणी डायलिसिसला बसत असेल आणि रिपोर्टवर 10.8 आलं, तर तेरासाठी डॉक्टरांच्या मागे लागू नका. अंगातल्या लोहाचा अंदाज देणारे दोन आकडे, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, शेवटचे कधी तपासले, एवढं मात्र जरूर विचारा.