सांभाळणाऱ्यांची बातमी

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलानं मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्या मंडळींना एक छोटा संदेश धाडला. मी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, निव्वळ हौस म्हणून, फार मोठं काही होणार नाही. मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं, काय खटकतं ते कळवा, असा त्याचा आशय. आज जगभरचे सर्व्हर आणि अँड्रॉइडचे फोन त्या हौसेतून जन्मलेल्या लिनक्सवर चालतात. सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या बहुतेकांना ही गोष्ट पाठ असते आणि रोज कानावर येणाऱ्या नव्या प्रकल्पांकडे आपण तिच्याच उजेडात बघतो. रस्ट भाषेत लिहिलेला नवा डेटाबेस, आणखी एक जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क, कुणीतरी शनिवार-रविवारात उभा केलेला कंपायलर. कुणी सांगावं, यातलाच एखादा उद्याचा लिनक्स असेल.

या उत्साहाला नावं ठेवण्यासाठी मी लिहीत नाही. काहीतरी बनवावं आणि कोडसकट चारचौघांपुढे ठेवावं, ज्याला हवं त्यानं न्यावं, ही या व्यवसायातली सर्वांत उमदी रीत आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. प्रकल्प जन्मला की बातमी होते, मोडला की बातमी होते. मधली वीस-वीस वर्षं कुणीतरी तो रोज चालता ठेवतं, ती मात्र कुणाच्या कानावर येत नाहीत. आणि सॉफ्टवेअरचं खरं आयुष्य त्या मधल्या वर्षांतच जातं.

कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचंच घ्या. २००५च्या एप्रिलमध्ये, लिनक्सचा कोड ज्या बिटकीपरमध्ये ठेवला जात होता ते फुकट मिळणं बंद झालं, तेव्हा टोरवाल्ड्सनं स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच गिट स्वतःच्या कोडची नोंद ठेवू लागलं. ही कहाणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातली मुलंही रंगवून सांगतात. पण त्याच वर्षी २६ जुलैला टोरवाल्ड्सनं गिटची सूत्रं जुनिओ हामानो यांच्याकडे दिली आणि तेव्हापासून, दोन दशकं उलटली तरी, ती त्यांच्याकडेच आहेत. टोरवाल्ड्सकडे गिट चार महिनेसुद्धा नव्हतं. त्याची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००५मध्ये काढली तीही हामानोंनीच. टोरवाल्ड्स स्वतः हे श्रेय त्यांना मोकळेपणानं देतो. आपण देत नाही, कारण आपल्याला हे नावच माहीत नसतं.

हामानो नियमितपणे एक टिपण काढतात. गिटमध्ये सध्या काय शिजतंय, असं त्याचं शीर्षक. आत प्रत्येक येऊ घातलेल्या बदलाची नोंद: हा पुढच्या टप्प्यात घेऊ, हा अजून कुणीतरी नीट वाचायला हवा, याच्या लेखकाकडून उत्तर यायचं आहे. वाचायला अगदी कोरडं. तरीही मेंटेनर नावाचा माणूस दिवसभर काय करतो हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं ही टिपणं वाचावीत. नवा कोड लिहिणं हा त्या कामाचा लहानसा भाग. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचणं, त्यातून दहा वर्षांपूर्वीचं काही मोडेल का याचा विचार करणं, आणि चांगल्या हेतूनं आलेल्या माणसाला न दुखावता 'नाही' म्हणणं, हा मोठा भाग. जे घेतलं नाही त्याची मोजदाद कुणी करत नाही. गावातल्या पाझर तलावाच्या उद्घाटनाची कोनशिला असते. दर उन्हाळ्यात गाळ काढणाऱ्यांची नावं कुठेही कोरलेली नसतात, आणि पाणी टिकतं ते त्यांच्यामुळे.

२०१४च्या एप्रिलमध्ये हार्टब्लीड नावाची सुरक्षेतली चूक उघडकीला आली तेव्हा जगाला कळलं की आपले पासवर्ड आणि बँकेचे व्यवहार ज्या ओपनएसएसएलच्या भरवशावर चालतात त्या प्रकल्पाला वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलरच्या आसपास देणग्या मिळत आणि पूर्ण वेळ काम करणारा एकच माणूस होता. चूक साधी होती, समोरच्यानं सांगितलेली लांबी तपासून न बघण्याची. दोन वर्षं ती कुणाच्या नजरेला आली नाही, कारण बघायला डोळेच नव्हते. त्यानंतर थोडे पैसे आले, परिषदा झाल्या. २०२१च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजेमधली चूक उघड झाली तेव्हा पुन्हा तेच: साऱ्या जगाच्या सर्व्हरमध्ये बसलेली लायब्ररी, आणि नोकरी सांभाळून ती दुरुस्त करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके स्वयंसेवक.

पण मला विस्तारानं सांगायची आहे ती एक्सझेडची गोष्ट.

एक्सझेड हे माहिती दाबून लहान करण्याचं साधन. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक वितरणात ते असतं, आणि कुणी त्याचं नाव मुद्दाम घेत नाही. फिनलंडचे लासे कॉलिन ते अनेक वर्षं जवळपास एकट्यानं सांभाळत होते. २०२१च्या अखेरीस 'जिया टॅन' या नावानं त्यांच्याकडे पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेले बदल, येऊ लागले. नीटनेटके, उपयोगाचे. पुढच्या वर्षी इतर काही नावांनी कुरकुर सुरू झाली: पॅच महिनोन्महिने पडून राहतात, प्रकल्प रखडलाय, दुसरा मेंटेनर नेमा. कॉलिन यांनी शांतपणे उत्तर दिलं की आपली ताकद सध्या मर्यादित आहे, आणि हे बिनपगारी हौसेचं काम आहे हेही लोकांनी ध्यानात घ्यावं. ती कुरकुर करणारी नावंही पुढे उघड झालेल्या कटातलीच असावीत असा तपास करणाऱ्यांचा दाट संशय आहे. हळूहळू जिया टॅनकडे अधिकार आले. आवृत्त्या काढण्याचं कामही आलं.

२४ फेब्रुवारी २०२४ रोजी ५.६.० ही आवृत्ती निघाली. तिच्यात चोरदरवाजा होता, आणि तो लपवण्याची करामत अंगावर काटा आणणारी होती. मूळ कोड वाचणाऱ्याला काही दिसू नये म्हणून घातक भाग चाचणीसाठीच्या 'मुद्दाम बिघडवलेल्या' फायलींमध्ये दडवला होता. बिघडलेल्या फायलीत अर्थ लागत नाही याचं कुणाला नवल वाटणार? त्या फायली उघडून बिल्डमध्ये मिसळणारी ओळ गिटवरच्या कोडमध्ये नव्हतीच, ती फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होती. लक्ष्य होतं एसएसएच, म्हणजे जगभरचे सर्व्हर लांबून चालवण्याचा मुख्य रस्ता. एसएसएच एक्सझेड वापरत नाही. पण काही वितरणांनी लिनक्समधल्या सेवा सुरू करून चालवणाऱ्या सिस्टिमडीशी सांगड घालण्यासाठी त्याला एक ठिगळ लावलं होतं आणि त्या वाटेनं एक्सझेडची लायब्ररी आत येत होती. किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला अशा कुठल्याही सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता आली असती.

हे पकडलं ते आंद्रेस फ्रॉइंड यांनी. ते पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. डेबियन या लिनक्स वितरणाच्या 'अनस्टेबल' आवृत्तीवर ते पोस्टग्रेसचा वेग मोजत होते. असं मोजताना यंत्रावर बाकी काही चालू असलं तर आकडे डळमळतात, म्हणून ते आधी सगळं शांत करू पाहत होते. तेव्हा दिसलं की बाहेरून कुणीतरी चुकीच्या नावानं लॉगइन करायला बघतंय, ते तत्काळ नाकारलंही जातंय, तरी एसएसएच एवढा प्रोसेसर खातंय. मोजलं तर पूर्वी ०.२९९ सेकंदांत होणारं काम ०.८०७ सेकंद घेत होतं. काही आठवड्यांपूर्वी पोस्टग्रेसच्या चाचण्यांत मेमरीबद्दलची एक विचित्र तक्रार दिसली होती, तीही त्यांना आठवली. ते खणत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सगळं जगापुढे मांडलं. तोवर ५.६.१ ही आवृत्तीही निघाली होती आणि फेडोरा, डेबियन, ओपनसुसे यांच्या चाचणीच्या किंवा सतत बदलणाऱ्या वितरणांत शिरली होती. मुख्य, स्थिर वितरणांत ती पोचायची होती. जिया टॅन कोण, हे आजतागायत उघड झालेलं नाही.

या घटनेवर पुष्कळ लिहिलं गेलं, बहुतेक सगळं त्या अर्ध्या सेकंदाबद्दल. फ्रॉइंड यांचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण मला सतत अस्वस्थ करते ती त्याआधीची दोन-अडीच वर्षं. त्या काळात कॉलिन यांना खरोखर काय हवं होतं? दुसऱ्या दोन हातांची मदत. एक्सझेडवर उभ्या असलेल्या एवढ्या कंपन्यांपैकी कुणी ती देऊ केली असती तर टॅनला शिरायला जागाच उरली नसती. प्रत्यक्षात, चिकाटीनं, महिनोन्महिने, कंटाळवाणं काम करायला तयार असलेला माणूस आला तो एकच, आणि तो घात करायला आला होता. देखभालीचं मोल त्यानं ओळखलं होतं. थकलेला मेंटेनर हा कुठल्याही कुलपापेक्षा सोपा दरवाजा आहे हे त्याला कळलं होतं. तुम्हाआम्हाला कळलं नव्हतं. आणि त्या दोन-अडीच वर्षांत आपण काय करत होतो? नव्या प्रकल्पांच्या बातम्या एकमेकांना पाठवत होतो.

हा प्रश्न हेलसिंकीचा आणि सॅन फ्रान्सिस्कोचा, आपला नाही, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी मोबाइलवर 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द टाइप करून पाहावेत. पहिल्यात रफार 'य'वर चढतो, दुसऱ्यात अर्धा र कोयरीसारखा पुढे वाकतो. मराठीला हा फरक जिवाचा आहे. समुद्र आणि डोंगरांमधल्या घळी यांच्यात घोटाळा होऊन चालत नाही. पूर्वी कितीतरी यंत्रांवर तो व्हायचाच. आज अँड्रॉइडवर, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, लिब्रेऑफिसमध्ये ही अक्षरजुळणी करतं ते हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर. इराणी-कॅनेडियन प्रोग्रामर बेहदाद एस्फाहबोद यांनी ते वर्षानुवर्षं घडवलं आणि सांभाळलं. त्याच्या जोडीला अक्षरांचे फॉन्ट लागतात: रेड हॅटचा 'लोहित', मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त'. हा लेख कुणी अँड्रॉइड फोनवर वाचत असेल तर त्यातला प्रत्येक 'वाऱ्या' आणि 'कुऱ्हाड' या माणसांच्या हातून जातो. मराठी भाषेसाठी काम करणाऱ्यांचे आपण सत्कार करतो, पुरस्कार देतो. त्या यादीत अक्षरजुळणीच्या लायब्ररीतला एक बग मिटवणारा कधी बसलेला मी तरी पाहिलेला नाही.

पुण्यात हिंजवडी-खराडीला, मुंबई परिसरात ऐरोली-पवईला लाखो मराठी माणसं सॉफ्टवेअर लिहितात आणि त्यांच्या कामाचा पाया मुक्त सॉफ्टवेअरचाच असतो. आपण त्याचे मोठे ग्राहक आहोत. देणाऱ्यांत आपली संख्या त्या मानानं फार लहान आहे. याला दोष एकट्या डेव्हलपरचा नाही. कंपनीच्या टाइमशीटमध्ये ग्राहकाचा तास भरायला रकाना असतो. ज्या लायब्ररीवर ग्राहकाचं सगळं काम उभं आहे तिच्यातली चूक मूळ ठिकाणी दुरुस्त करून पाठवण्यासाठी रकाना नसतो. मग पोरं ठिगळ आपल्यापुरतं लावतात आणि पुढे जातात. हे बदलणं कंपन्यांच्या हातात आहे, आणि त्याला फार मोठा खर्च येत नाही.

पैशांच्या बाबतीत काही चांगलं घडतंय, तेही सांगायला हवं. जर्मन सरकारनं २०२२मध्ये अशा पायाभूत प्रकल्पांसाठी स्वतंत्र निधी सुरू केला. २०२४मध्ये बंगळूरच्या झिरोधानं दरवर्षी दहा लाख डॉलरपर्यंत जगभरच्या मुक्त प्रकल्पांना देण्याचं जाहीर केलं. एका भारतीय कंपनीनं हे करावं याचा मला मनापासून आनंद झाला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ओपन सोर्स प्लेज या उपक्रमात कंपन्या आपल्या दर डेव्हलपरमागे वर्षाला किमान २,००० डॉलर मेंटेनर मंडळींना द्यायचं वचन देतात. मात्र निधी आला म्हणजे वाचणारा माणूस आला असं होत नाही. एक्सझेडला २०२२मध्ये कुणी नुसता चेक पाठवला असता तर रांगेतले पॅच कमी झाले नसते.

आणि ती रांग आता वाढते आहे. एआयच्या मदतीनं नवा प्रकल्प उभा करणं पूर्वी कधी नव्हतं इतकं सोपं झालंय. जे काम करायला महिने लागत ते एका संध्याकाळी होतं. वाचून, तपासून, जबाबदारी घेऊन आत घेणं मात्र तितकंच अवघड राहिलंय. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या कर्लचे मेंटेनर, स्वीडनचे डॅनिएल स्टेनबर्ग, १९९८पासून ते साधन सांभाळताहेत. २०२५मध्ये एआयकडून लिहून घेतलेल्या, दिसायला भारदस्त पण आतून पोकळ अशा सुरक्षा-तक्रारींनी त्यांच्या चमूला इतकं बेजार केलं की पुढे त्यांनी चूक दाखवणाऱ्याला बक्षीस देण्याची योजनाच बंद केली. त्याच २०२५मध्ये एआयचीच साधनं जाणतेपणानं वापरून शोधलेल्या चुकांची एक यादीही त्यांच्याकडे आली आणि तिच्यातून डझनावारी दुरुस्त्या झाल्या. म्हणजे साधनाला दोष द्यायचं कारण नाही. पाठवण्यापूर्वी कुणी स्वतः वाचलं होतं की नाही, एवढ्याचाच फरक. पोकळ तक्रार लिहायला मिनिटं लागतात, ती पोकळ आहे हे सिद्ध करायला मेंटेनरचा अख्खा दिवस जातो, आणि तो दिवस त्याला कुणी परत देत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नव्या प्रकल्पाची बातमी सांगताना आपण दोन प्रश्न विचारत जाऊ: हा कुणाच्या जिवावर उभा आहे, आणि पाच वर्षांनी याचे पॅच कोण वाचणार आहे? संघातल्या नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात, आपण वापरतो त्यातल्या एखाद्या जुन्या लायब्ररीच्या मेंटेनरचं नाव शोधून काढायला सांगू. बढतीच्या वेळी, कुणी मूळ प्रकल्पात दुरुस्ती पाठवली असेल तर ती कामातच धरू. आणि एखादी आवृत्ती काहीही नवं न आणता नुसत्या दुरुस्त्या घेऊन आली, तर तिचीही बातमी एकमेकांना पाठवू.

एक्सझेडची पुढची हकीकत फार कमी जणांना ठाऊक आहे. चोरदरवाजा उघड झाल्यावर कॉलिन यांनी काम सोडलं नाही. जिया टॅनच्या नावावरचे बदल त्यांनी एकेक करून तपासले आणि २९ मे २०२४ रोजी स्वच्छ केलेली ५.६.२ ही आवृत्ती काढली. २०२५च्या मार्चमध्ये ५.८.० आली. एप्रिलमध्ये ५.८.१, आणखी एका चुकीची दुरुस्ती घेऊन.