विनामोबदला

फुकट केलेल्या कामात चूक झाली, तर तिचा जाब द्यावा लागतो का?

मी पगारी माणूस. पगाराच्या कामात जाब विचारणारे पुष्कळ असतात. संस्थाचालक विचारतात, बीईओसाहेब विचारतात, आणि दहावीचा निकाल लागला की उभा गाव विचारतो. परंतु पगाराबाहेर, स्वखुशीने केलेल्या कामात आपण फक्त आभाराचे धनी, अशी माझी समजूत होती. २०१८ च्या जुलैमध्ये ती मोडली. त्याची हकिकत आजवर दोन-तीन माणसांखेरीज कोणाला सांगितलेली नाही.

आमचे हायस्कूल खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात, जंगलाच्या कडेला आहे. पावसाळ्यात इथल्या कित्येक वाड्यांचा रस्ता ओढ्यापाशीच संपतो. शाळेला लागून सरकारी दवाखाना. दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी करण्याची केंद्र सरकारची योजना २०१६ साली सुरू झाली आणि खाजगी डॉक्टरांनीही महिन्यातला तो एक दिवस विनामूल्य द्यावा, असे आवाहन करण्यात आले. त्याला मान देऊन बेळगावातील एक डॉक्टरीणबाई आमच्याकडे येत असत. त्या मूळच्या दावणगेरेकडच्या, दवाखान्यातील सिस्टर रायचूरच्या. दोघींचीही भाषा कन्नड. येणाऱ्या बाया मराठी आणि कोकणी बोलणाऱ्या. त्यांच्या हातातले कार्डही कन्नडमध्ये छापलेले. त्याचे नाव ‘तायी कार्ड’. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई; आमच्या बाया मात्र ते ‘ताई कार्ड’ असेच समजून चालतात. एरवी हा दुवा सांधायला गावची आशा कार्यकर्ती असायची. त्या दिवशी ती एका बाळंतिणीसोबत बेळगावला गेली होती, म्हणून मला बोलावणे आले. दोन तास ऑफ होते. मी आनंदाने गेलो. खरे सांगायचे तर, थोडा मिरवतच गेलो.

सातव्या महिन्यातली एक मुलगी पुढे आली. मुलगीच ती, विशीतली. लावणी सोडून आली होती, नखांत चिखल तसाच होता. सिस्टरने तिचे कार्ड पाहिले आणि विचारले, “गुळिगी याक तगोंडिल्ल?” अर्थ सरळ आहे : गोळ्या का घेतल्या नाहीत? रक्तवाढीच्या त्या गोळ्या रोज एक, अशा किमान एकशेऐंशी दिवस घ्यायच्या असतात. मी तो प्रश्न मराठीत असा केला, “गोळ्या का घेतल्या नाहीस? सरकार फुकट देतं म्हणून किंमत नाही होय?”

पुढचे वाक्य सिस्टरचे नव्हते. ते माझे होते, आणि आवाजही वर्गातला होता.

मुलगी खाली बघत म्हणाली, “पोटात ढवळतंय गुरुजी. कामावर उलट्या होतात.” ती पहाटे उपाशीपोटी गोळी घेऊन शेतात जात होती. रात्री जेवणानंतर घे, एवढे सांगितले की बऱ्याच जणींचा हा त्रास कमी होतो. डॉक्टरीणबाईंनी ते सांगितलेही. पण तोवर माझी चपराक बसून गेली होती आणि त्यानंतर ती बोलायला कचरू लागली.

रक्तदाब थोडा वरच्या बाजूला होता. लघवी तपासायच्या पट्ट्या त्या दिवशी संपल्या होत्या. म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला मुद्दाम विचारायला लावले : डोके दुखते का, डोळ्यांना काही होते का? मुलगी घुटमळली. “डोकं जड होतंय. रोप लावताना काजवं चमकतात डोळ्यांपुढं. वाकून वाकून होत असंल, गुरुजी. बाकी काय नाही.” बाहेर रांग लांब होती, माझा पुढचा तास जवळ आला होता. मी कन्नडमध्ये सांगितले, “विशेष काही नाही म्हणते. लावणीचा शीण आहे.” पुढच्या महिन्याची तारीख घेऊन ती गेली.

ते काजवे म्हणजे काय, हे मला माहीत नव्हते. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब चढू लागला, डोके ठणकू लागले, नजरेपुढे ठिणग्या दिसू लागल्या, चेहरा-हात सुजले, तर ती झटके येण्याची पूर्वसूचना असू शकते आणि त्यात आई व मूल दोघेही जाऊ शकतात. आशा कार्यकर्ती बेळगावहून परतली. चौथ्या दिवशी आपल्या नेहमीच्या फेरीत त्या घरी गेली आणि सुजलेला चेहरा बघून उंबऱ्यातूनच मागे वळली. मुलीला दवाखान्यात आणले तेव्हा रक्तदाब १६० वर ११० होता. अॅम्ब्युलन्सने बेळगाव. पुढच्या दोन आठवड्यांत मूल काढावे लागले. दोघेही वाचली. मूल कित्येक दिवस काचेच्या पेटीत होते.

मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितले. त्या रागावल्या नाहीत. “तुम्ही तेव्हा सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी पाठवलं असतं,” एवढेच म्हणाल्या. शाळेतल्या एका मित्राने मात्र माझी बाजू घेतली. तुम्ही डॉक्टर नाही, पैसे घेतले नाहीत, उलट आपला वेळ दिलात. असा जाब विचारायला लागलो तर उद्या कोण येईल पुढे? हा युक्तिवाद पोकळ नाही. माणसे खरोखरच बिचकतील. तरीही तो मला पटत नाही. डॉक्टरीणबाईही फुकटच आल्या होत्या. त्यांनी रक्तदाब चुकीचा वाचला असता, तर ‘जाऊ द्या, फुकट आल्या होत्या’ असे कोणी म्हटले असते का? मग मलाच ही सवलत कशासाठी? बहुधा यासाठी, की दोन भाषा येणे ही आपल्या भागात कोणी विद्या मानत नाही. ती येतेच, जशी सायकल येते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. तामस दानाच्या लक्षणांत अपात्र व्यक्तीला दिलेले दान येते, तसेच अवज्ञेने दिलेलेही येते. अनेक वर्षे मी हा भाग मुलांना समजावला आणि नेहमी पात्र-अपात्रावरच बोलत राहिलो. घेणाऱ्याची परीक्षा घेणे सोपे आणि सुखाचे असते. अवज्ञा हा शब्द देणाऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून मी त्यावरून पुढे सरकत असे. ‘फुकट देतं म्हणून किंमत नाही होय’ हे वाक्य त्या शब्दाची अचूक फोड आहे.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. हे आकडे मी पूर्वी वाचले होते आणि मनात म्हटले होते, बायका बोलतच नाहीत. आमची मुलगी बोलली होती. कन्नडमध्ये जाताना तिचे बोलणे माझ्यापाशी अडले.

आणि ज्या बाईने तिला वाचवले, ती कोण? कागदोपत्री तीही स्वयंसेविकाच. २००५ पासून या आशा कार्यकर्त्या कामागणिक मोबदल्यावर राबत आहेत. त्यांना कर्मचारी मानलेले नाही. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला, तो योग्यच झाला. पण वाडीत काही विपरीत घडले, तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो. नाव एकच, स्वयंसेवा. मला तीतला मान मिळाला, जाब तिच्या वाट्याला आला.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी मुलीच्या माहेरी गेलो. सांगायचे ठरवून गेलो होतो. तिने चहा ठेवला, मूल माझ्या मांडीवर दिले आणि आपल्या आईला म्हणाली, “हेच गुरुजी त्या दिवशी आमच्यासाठी आलते.” माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. मुलाच्या हातावर पन्नासची नोट ठेवून मी परत आलो. ती नोटही आज मला खुपते.

नऊ तारखेला बोलावणे आले की मी अजून जातो. आता वही नेतो. बाई बोलेल ते तिच्याच शब्दांत आधी लिहून घेतो आणि मग सांगतो. वेळ दुप्पट लागतो, रांग कुरकुरते. बदली होण्याआधी एकदा सिस्टरने ती वही चाळली आणि विचारले, काजवे म्हणजे काय? मी म्हटले, मिणुक हुळ. तिने आपल्या रजिस्टरच्या आतल्या पुठ्ठ्यावर कन्नड लिपीत ‘काजवे’ लिहिले आणि पुढच्या बाईला हाक मारली.