तिकिटातला पहारा

विमानतळाच्या सुरक्षेचा खर्च प्रवाशाने तिकिटातून भरावा, ही कल्पना विमान वाहतुकीच्या मानाने बरीच उशिरा आली. पूर्वी विमानतळावर राज्य पोलिसांचा पहारा असे आणि त्याचा खर्च करांच्या पैशातून भागे. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान लाहोरला पळवून नेले गेले. १९७६ मध्ये आणखी एक अपहरण झाले. त्यानंतर पांडे समितीच्या शिफारशीवरून १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षा कक्ष निघाला. जून १९८५ मध्ये 'कनिष्क' विमानातील स्फोटात ३२९ जणांचा जीव गेला आणि १९८७ मध्ये या कक्षाला स्वतंत्र विभागाचा दर्जा मिळाला. तपासणीचे नियम कडक होत गेले. पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न मात्र फारसा पुढे आला नाही.

तो पुढे आला १९९९ च्या कंदाहार विमान अपहरणानंतर. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूर विमानतळावर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल तैनात झाले आणि एकेक विमानतळ त्याच्याकडे येत गेला. हे दल मुळात सरकारी कारखान्यांच्या रक्षणासाठी उभारलेले. ज्याचे रक्षण करायचे त्याच्याकडून खर्च वसूल करायचा, ही त्याची रीत. पोलिसांचा पहारा अर्थसंकल्पात मिसळून जाई. या दलाचे मात्र बिल येऊ लागले. ते तिकिटातल्या प्रवासी सेवा शुल्कातून भागवले जाई आणि त्यातले १३० रुपये सुरक्षेचे धरले जात.

२००६ मध्ये मुंबई आणि दिल्लीचे विमानतळ खासगी कंपन्यांकडे गेले, तेव्हा सुरक्षेचा वाटा वेगळ्या खात्यात ठेवण्याची अट आली. पैसा प्रवाशाचा, खाते कंपनीकडे, काम सरकारी दलाचे. या रचनेत वाद होणारच होता. सुरक्षा उपकरणांवर या खात्यातून केलेला खर्च परत भरावा, असा आदेश केंद्राने २०१४ मध्ये काढला आणि दिल्लीच्या कंपनीने त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले. एका कामासाठी घेतलेला पैसा त्याच कामाला लागला पाहिजे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण यंत्र हा सुरक्षेचा खर्च की इमारतीचा, हे ठरवणे सोपे नाही. अमेरिकेत तर ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लावलेल्या सुरक्षा शुल्काचा काही भाग २०१३ च्या कायद्याने सरकारी तूट भरून काढण्याकडे वळवला गेला. प्रवाशाच्या दृष्टीने ही फसवणूकच म्हणावी लागेल.

१ जुलै २०१९ पासून भारतात सुरक्षेच्या या वाट्याऐवजी विमान सुरक्षा शुल्क सुरू झाले: देशांतर्गत प्रवाशाला १५० रुपये, पुढे १६० आणि एप्रिल २०२१ पासून २००. पैसा एका राष्ट्रीय न्यासाकडे जमा होतो, म्हणजे गजबजलेल्या विमानतळांच्या प्रवाशांच्या पैशातून इतरत्रचा खर्चही भागू शकतो.

अशा वाटणीची गरज जळगावच्या उदाहरणावरून कळते. शेजारच्या भुसावळकरांनाही हाच जवळचा विमानतळ. डिसेंबर २०१७ मध्ये 'उडान' योजनेखाली इथून मुंबईचे उड्डाण सुरू झाले, ते १९ आसनी विमानाने. सगळ्या जागा भरल्या तरी तेव्हाच्या १३० रुपयांप्रमाणे हिशेब २,४७० रुपयांवर थांबतो. पहारा, तपासणी आणि यंत्रे मात्र प्रवासी कमी म्हणून त्या प्रमाणात कमी करता येत नाहीत. म्हणूनच 'उडान'च्या विमानतळांना पोलीस आणि अग्निशमन सेवा राज्य सरकारने विनामूल्य पुरवावी, अशी तरतूद आहे. इथे खर्च पुन्हा करदात्याकडे जातो आणि ते योग्यच आहे. विमान पाडले गेले तर नुकसान केवळ तिकीट काढणाऱ्याचे नसते.

भुसावळच्या रेल्वे जंक्शनवर पहाऱ्याच्या खर्चाचा हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला आहे. रेल्वे सुरक्षा दलाचा खर्च रेल्वे करते, लोहमार्ग पोलिसांचा खर्च रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. २००१ मध्ये अपघात टाळण्याच्या कामांसाठी रेल्वेने भाड्यावर अधिभार लावला होता, पण पहाऱ्यासाठी विमानासारखे दरडोई शुल्क लावलेले नाही. विमानात चढणारा प्रत्येक जण एकाच दारातून, मोजून आत जातो. फलाटावर प्रवाशांबरोबर हमाल, फेरीवाले आणि निरोप द्यायला आलेले नातेवाईकही असतात, आणि पहारा त्या सगळ्यांसाठी असतो.