शनवारची सुट्टी कोणाची?

कुलाबा जिल्ह्यात आपले पूर्वज शनवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. ही सुट्टी सरकारने दिलेली नव्हती. ती आज्ञेतली होती. त्याच आज्ञेत दासदासी आणि वेशीआतला उपरीही येतात, हे आपण सोयीने विसरतो.

कुवेतमधील एगैलासारख्या वस्त्यांत घरकाम बहुतेक परदेशी बायकाच करतात. 2010 च्या कामगार कायद्याने कामाचे 8 तास ठरविले, पण घरकामगारांना वगळले. 2015 च्या 68 क्रमांकाच्या कायद्याने त्यांना आठवड्याची सुट्टी व वर्षाची 30 दिवस पगारी रजा दिली. तास मात्र 12! घर म्हणजे कारखाना नव्हे, हे कारण मालकिणीला पटेल. मोलकरणीला पटेल काय? जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्ववेत्त्याची कसोटी अशी, की कायद्याचे कारण भिन्न धर्मांच्या नागरिकांनाही मान्य करता यावे. मोलकरीण तर तिथली नागरिकही नाही. शाब्बाथचे कारण तिथे चालणार नाही. दमलेल्या अंगाचे कारण कोणालाही कळते.

आपल्या घरी शाब्बाथला भांडी कोण घासते, असा विषय निघाला तेव्हा आम्ही बरेच जण गप्प बसलो.