किती रक्त पुरेसे?
मूत्रपिंडे क्षीण झाली की एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडते, शरीरातले लोह नीट वापरले जात नाही आणि हिमोग्लोबिन उतरते. डायलिसिसपर्यंत न पोहोचलेल्या रुग्णाचा हा पंडुरोग औषधाने सुधारतो. नैतिक प्रश्न उरतो तो किती सुधारावा, याचा. निरोगी माणसाचा आकडा गाठून देणे हेच वैद्याचे कर्तव्य, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण 2009 च्या ‘ट्रीट’ चाचणीत अशा मधुमेही रुग्णांचे हिमोग्लोबिन 13 पर्यंत नेऊ पाहिले, तेव्हा मृत्यू घटले नाहीत आणि पक्षाघात जवळपास दुप्पट झाले. म्हणून आधी लोह भरून काढतात. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने त्यानंतर, तीही सहसा 11.5 च्या आत थांबून.

गीतेच्या सहाव्या अध्यायातला आहारविहाराच्या प्रमाणाचा विचार इथे औषधालाही लागू पडतो. जळगावच्या मेहरूणमध्ये राहणाऱ्या रुग्णाला दम न लागता तलावापर्यंत चालता आले, तर ते हित मोठेच. अहवालातला आकडा त्यापुढे गौण. रक्त चढवल्याने लगेच बरे वाटते, मात्र त्यातून तयार होणारी प्रतिद्रव्ये पुढचे प्रत्यारोपण अवघड करू शकतात. आजचा आराम की उद्याची शक्यता, हे रुग्णाला समजावून त्याच्यासोबतच ठरवावे लागते. पूर्वी पक्षाघात वा कर्करोग झालेला असेल, तर इंजेक्शनाबाबत अधिकच सावधपणे.