चोर, लाटणे आणि कायदा

मध्यमवर्गीय माणूस शूर असतो, पण मनातल्या मनात. रात्री खिडकीत मांजर धडपडले, की पडल्यापडल्या तो चारदोन दरोडेखोर लोळवतो आणि कुशीवर वळतो. अशा वीरांसाठी कायद्याने खाजगी संरक्षणाचा हक्क राखून ठेवला आहे. पूर्वी तो १८६० च्या दंडसंहितेत राहत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये राहायला गेला. बिऱ्हाड बदलले, भांडीकुंडी बहुतेक तीच!

त्यातले कलम ३६ चे उदाहरण प्रत्येक संसारी माणसाने वाचावे. ज्या घरात शिरायचा हक्क आहे अशाच घरात 'क' रात्री शिरतो. 'य' त्याला सद्भावपूर्वक घरफोड्या समजून हल्ला करतो. 'य'चा गुन्हा नाही! पण 'क'लाही प्रतिकाराचा हक्क आहेच. म्हणजे पत्त्यांचा डाव आटोपून रात्री एकला चोरपावलांनी येणाऱ्या नवऱ्याच्या टाळक्यात लाटणे बसले, तर बायको निर्दोष. त्याने पोळपाट आडवा धरला, तर तोही निर्दोष. फक्त तिने त्याला खरोखरच चोर समजायला हवे. वीस वर्षांच्या संसारानंतर पाऊल ओळखू आले नाही, हे न्यायाधीशांना पटवणे जरा कठीण. तेही संसारीच असतात.

खरी मेख इथेच आहे. कायदा भीतीला सांभाळून घेतो, रागाला नाही. पोलिसांकडे धाव घ्यायला सवड असेल तर हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. आता जीव मुठीत धरलेला माणूस घाव काय सोनाराच्या काट्यावर तोलून घालणार? तशी अपेक्षा नाही, हे आपली न्यायालयेही मान्य करतात.

पण चोर पडला, गयावया करू लागला, त्याला खांबाला बांधला, आणि मग आळीतले सगळे वीर एकेक करून हात धुऊन घेऊ लागले, तर ते कुणाचे संरक्षण? पहिला फटका जिवासाठी, शेवटचा हौसेसाठी. हात तोच, काठीही तीच. मधल्या मधे भीती तेवढी संपलेली असते. ती नेमकी केव्हा संपली, हे वकिलाला नंतर शोधावे लागते. काठी धरणाऱ्याला मात्र तेव्हाच ठाऊक असते. पंचाईत एवढीच, की ज्या क्षणी भीती संपते, नेमके त्याच क्षणापासून आपल्याला शूर वाटू लागते.